सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

मुंबईत वरळी सी-फेसच्या रस्त्याला खान अब्दुल गफार खान यांचे नाव आहे. दिल्लीत करोलबागच्या गफार मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीसाठी कायम गर्दी असते. तो गफार कोण, हे तिथे क्वचितच कुणी विचारत असेल. दिल्लीजवळच्या फरिदाबादला फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेले हिंदू आणि शीख निर्वासित वसले. त्यांच्या वसाहतीत उभ्या राहिलेल्या रुग्णालयाला बादशहा खान यांचे नाव होते. घरदार मुस्लिमबहुल प्रदेशात सोडून आलेल्या निर्वासितांना आपल्या रुग्णालयावर एका मुसलमान नेत्याचे नाव असावेसे वाटले, ही साधी गोष्ट नाही. डिसेंबर २०२० मध्ये ते नाव बदलून अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव देण्याचा निर्णय झाला. लोकांच्या तोंडी मात्र ते आजही 'बीके हॉस्पिटल'च आहे.

नाव पुसले गेले याचे दुःख आहेच. पण पाटीवर नाव असतानाही या माणसाचा विचार आपण जवळ केला नव्हता, हे त्याहून मोठे दुःख आहे. आपल्याकडे 'सरहद्द गांधी' म्हटले की विषय संपतो. गांधीजींच्या शेजारी उभा असलेला एक उंचपुरा पठाण, एवढीच आपली ओळख. दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने ओळखला जाणारा माणूस हळूहळू त्याची सावली होऊन बसतो, तसे त्यांचे झाले. भारतातल्या मुसलमानांना आज ज्या कोंडीत उभे राहावे लागते, त्या कोंडीतून वाट काढण्याचा सर्वात स्वच्छ विचार मला बादशहा खानांच्या आयुष्यात दिसतो. म्हणून हा लेख.

ही कोंडी कोणती? एका बाजूने सांगितले जाते, "समाजावर चहूबाजूंनी हल्ले होत आहेत. अशा वेळी घरातली धुणी चव्हाट्यावर धुऊ नका. बायकांचे हक्क, जातबिरादरीतला भेद, शिक्षणाची हेळसांड, हे सगळे नंतर बघू." दुसऱ्या बाजूने सांगितले जाते, "आधी तुमचा समाज सुधारा, मग अन्यायाच्या गोष्टी करा." पहिला सल्ला आपले पुढारी देतात, दुसरा आपल्याकडे संशयाने पाहणारे देतात. दोघांचेही गणित एकच आहे: सुधारणा आणि हक्क यांपैकी एक काहीतरी निवडा. बादशहा खानांनी ही निवड आयुष्यभर नाकारली.

१८९० साली पेशावर जिल्ह्यातल्या उत्मानझई गावात एका खानाच्या घरी त्यांचा जन्म झाला. पेशावरच्या मिशन शाळेत ते शिकले. त्या वेळचा पठाण समाज दोन जोखडांखाली होता. एक इंग्रजांचे. १९०१ च्या 'फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन' या कायद्याखाली एकाच्या गुन्ह्यासाठी संपूर्ण गावाला किंवा टोळीला शिक्षा देता येत असे. दुसरे जोखड घरचे होते: 'बदल' म्हणजे सूड आणि 'तर्बूरवली' म्हणजे चुलतभावांमधले वैर. आजोबाच्या खुनाचा हिशेब नातवाने चुकता करायचा, अशी रीत. जमिनीच्या तुकड्यावरून घरेच्या घरे उद्ध्वस्त होत. मुलींच्या शिक्षणाचा तर प्रश्नच नव्हता, मुलांनाही शाळेत पाठवणे अनेकांना अधर्म वाटे.

या परिस्थितीत विशीतल्या गफार खानांनी पहिले काम केले ते शाळा काढण्याचे. १९१० मध्ये उत्मानझईला त्यांनी शाळा सुरू केली. इंग्रजांना शाळेचा धाक वाटला आणि काही वर्षांत ती बंद पाडण्यात आली. १९२१ मध्ये त्यांनी समाजसुधारणेची अंजुमन स्थापन केली, पुन्हा शाळा काढली, आणि त्याच वर्षी तुरुंगात गेले. तीन वर्षांनी सुटले, पुन्हा गावोगाव फिरू लागले. १९२८ मध्ये 'पख्तून' हे पश्तो मासिक काढले. त्यात स्त्रिया लिहीत असत. पुरुषांनी बायकांना जे दडपून ठेवले आहे ते धर्माच्या नावाने, पण धर्माच्या विरुद्ध, असे ते सभांमधून उघड सांगत.

क्रम लक्षात घ्या. आधी वीस वर्षे शाळा, वैरे मिटवणे, मासिक. त्यानंतर १९२९ मध्ये 'खुदाई खिदमतगार'. पण या वीस वर्षांत सरकारशी संघर्ष थांबला होता असेही नाही. शाळा काढली म्हणूनच ते तुरुंगात गेले. समाजाला शहाणे करणे हेच साम्राज्याच्या दृष्टीने बंड होते. म्हणजे ज्या दोन आघाड्या आपण वेगळ्या समजतो, त्या त्यांच्यासाठी एकाच लढाईच्या होत्या.

खुदाई खिदमतगार म्हणजे देवाचे सेवक. देवाला सेवेची गरज नसते, म्हणून त्याने निर्माण केलेल्यांची सेवा हीच त्याची सेवा, असा या नावामागचा सरळ विचार. सदस्य होताना शपथ घ्यावी लागे: हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, जुनी वैरे सोडून देईन, साधे जीवन जगेन, रोज किमान दोन तास समाजाचे काम करीन, आणि केलेल्या सेवेचा मोबदला मागणार नाही. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते विटकरी रंगात रंगवले गेले, त्यावरून इंग्रजांनी त्यांना 'लाल डगलेवाले' म्हटले आणि बोल्शेविक ठरवून टाकले. कवायत होती, पलटणी होत्या, हुद्दे होते. फक्त शस्त्र नव्हते. त्यांची शिबिरे भरत तिथे खानाचा मुलगा आणि शेतमजूर बरोबरीने झाडू मारत आणि दळण दळत.

ही अहिंसा त्यांनी गांधीजींकडून उसनी घेतली, असे मानण्याची चूक आपण करतो. गांधीजींचा प्रभाव त्यांनी कधी नाकारला नाही, पण आपल्या अनुयायांपुढे ते उदाहरण देत ते पैगंबरांच्या मक्केतल्या वर्षांचे. छळ, बहिष्कार, अपमान सोसूनही सत्य न सोडणारा आणि हात न उगारणारा तो तेरा वर्षांचा काळ. त्या शस्त्राचे नाव सब्र. या शब्दाला आपल्याकडे आता फार लाचार अर्थ आला आहे. मुलीला नवरा मारतो, "सब्र कर." पोराला पोलिसांनी विनाकारण उचलले, "सब्र करा, अल्ला बघून घेईल." बादशहा खानांच्या सब्रमध्ये गप्प बसणे नव्हते. अन्यायाच्या समोर जाऊन उभे राहायचे, मागे हटायचे नाही, आणि समोरच्यासारखे व्हायचेही नाही, हा त्यांचा सब्र.

तो कसोटीला लागला २३ एप्रिल १९३० रोजी. त्या दिवशी बादशहा खानांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात जमलेल्या निःशस्त्र लोकांवर फौजेने गोळ्या झाडल्या. पुढचे पडले तरी मागचे पुढे येत राहिले. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांत मोठी तफावत आहे. ज्यांच्या घरी बंदूक हा दागिना होता, त्या समाजाने एकही गोळी परत झाडली नाही. त्याच वेळी रॉयल गढवाल रायफल्सच्या सैनिकांनी निःशस्त्र लोकांवर गोळीबार करायला नकार दिला. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांचे साथीदार हिंदू होते, समोरचे बहुतेक मुसलमान. या नकारापायी त्यांना लष्करी न्यायालयात उभे केले गेले, चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. अहिंसेने समोरच्याचे मन बदलते का, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी हा दिवस जरूर अभ्यासावा. सगळ्यांचे बदलले नाही. काहींचे बदलले, आणि साम्राज्याला तेवढ्याचाही हादरा बसला. पठाणाच्या बंदुकीपेक्षा त्याच्या अहिंसेची इंग्रजांना जास्त भीती वाटते, असे बादशहा खान म्हणत, ते यामुळेच.

महाराष्ट्राशीही त्यांचे नाते आहे. १९३४ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटल्यावर त्यांना सरहद्द प्रांत आणि पंजाबात जायला बंदी होती. तेव्हा ते वर्ध्याला राहिले. आपल्या मुलीलाही त्यांनी तिथे आणले होते. मुंबईत नागपाड्याला ख्रिस्ती तरुणांपुढे त्यांनी खुदाई खिदमतगारांवरच्या जुलमाची हकीकत सांगितली. तेवढ्यावरून डिसेंबरमध्ये त्यांना वर्ध्यात अटक झाली आणि राजद्रोहाच्या कलमाखाली दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पुढे जुलै १९४० मध्ये काँग्रेसने अटी घालून इंग्रजांच्या युद्धाला मदत करण्याची तयारी दाखवली आणि पुण्याच्या महासमितीच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब झाले. बादशहा खानांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. भल्याभल्यांसाठी अहिंसा हे धोरण होते, या पठाणासाठी ते इमान होते.

फाळणीला त्यांनी शेवटपर्यंत विरोध केला. १९४७ च्या सुरुवातीला दंगलीने होरपळलेल्या बिहारमध्ये ते गांधीजींबरोबर गावोगाव फिरले. सरहद्द प्रांतात खुदाई खिदमतगारांनी हिंदू-शीख शेजाऱ्यांच्या घरांवर पहारे दिले. अखेर काँग्रेसने फाळणी मान्य केली आणि आपल्याला वाऱ्यावर सोडले, ही वेदना त्यांनी कधी लपवली नाही. तरीही देश बनल्यावर फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी पाकिस्तानच्या संविधान सभेत निष्ठेची शपथ घेतली आणि त्या चौकटीत पख्तुनांचे हक्क मागितले. चार महिन्यांत ते तुरुंगात होते. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळ बाबडा येथे त्यांच्या अटकेचा निषेध करणाऱ्या खुदाई खिदमतगारांवर गोळीबार झाला. या वेळी गोळ्या झाडणारे सरकार मुसलमानांचेच होते. संघटनेवर बंदी आली. इंग्रजांनी त्यांना बोल्शेविक म्हटले होते, पाकिस्तानात त्यांना हिंदूंचा हस्तक म्हटले गेले. 'सरहद्द गांधी' हे आपण कौतुकाने घेतलेले नाव तिथे शिवीसारखे वापरले गेले. १९६२ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने जगातल्या सद्विवेकाच्या कैद्यांपैकी 'वर्षाचा कैदी' म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा ते पाकिस्तानच्या कोठडीत होते. ९८ वर्षांच्या आयुष्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा तुरुंगात, नजरकैदेत आणि परागंदा अवस्थेत गेला.

देशनिष्ठेचे दाखले सतत मागितले जाणाऱ्या समाजाने यातून एक गोष्ट शिकावी. दाखला मागणाऱ्याचे कधी समाधान होत नसते. म्हणून त्याच्या पसंतीसाठी जगू नये, आणि त्याच्यावरच्या रागापायी आपले काम सोडूही नये.

आता आजच्याकडे येऊ. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या घराला शिक्षा देणारा तो १९०१ चा कायदा पाकिस्तानच्या कबायली भागात २०१८ पर्यंत टिकला. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण गेल्या काही वर्षांत आरोपीच्या घरावर बुलडोझर गेला तेव्हा छप्पर म्हाताऱ्या आईचे आणि शाळकरी मुलांचेही गेले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की एखादा आरोपी आहे म्हणून प्रशासनाला त्याचे घर पाडता येणार नाही. हा निकाल मिळाला तो कागद जमवणाऱ्यांमुळे, याचिका करणाऱ्यांमुळे, न्यायालयात उभे राहणाऱ्यांमुळे. दगड उचलणाऱ्यांमुळे नाही. २०१९ च्या डिसेंबरपासून शाहीनबागच्या बायकांनी कडाक्याच्या थंडीत तीन महिने रस्त्यावर बसून संविधानाची उद्देशिका वाचली, तीही याच जातीची लढाई होती. ज्यांना आपण पडद्यातल्या म्हणत होतो, त्यांनी समाजाला बसायचे कसे ते दाखवले.

आणि दुसरी आघाडी? तिथे आपला हिशेब फारसा बरा नाही. तोंडी, एका दमात दिलेल्या तलाकविरुद्ध मुसलमान स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या बोलत होत्या. आपल्या धार्मिक नेतृत्वाने हा प्रश्न घरात सोडवायचा तर नाहीच, उलट न्यायालयाने यात पडू नये अशी भूमिका घेतली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्दबातल ठरवली. मग २०१९ मध्ये सरकारने त्यावर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा केला. दिवाणी स्वरूपाच्या बाबीला फौजदारी शिक्षा कशाला, हा आपला आक्षेप रास्त आहे. पण जे काम आपण केले नाही ते दुसऱ्याने त्याच्या सोयीने केले, हेही तितकेच खरे. सुधारणा पुढे ढकलली की हक्कांची लढाईसुद्धा दुबळी होते. रस्त्यावर समतेची मागणी करणाऱ्याला घरात समता आहे का, हे विचारले जाणारच. ते विचारणारा प्रामाणिक नसला तरी प्रश्न खोटा ठरत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळता कामा नये. अहिंसेचा उपदेश नेहमी मार खाणाऱ्यालाच का? झुंडीने ठेचून मारलेल्याच्या कुटुंबाला सब्र शिकवायचा आणि झुंडीला हार घालायचे, हा कुठला न्याय? प्रश्न बिनतोड आहे, आणि बादशहा खानांना तो माहीत होता. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीसाठी ते भारतात आले तेव्हा अहमदाबादच्या भीषण दंगलीला जेमतेम काही दिवस झाले होते. सत्काराच्या माळा बाजूला ठेवून त्यांनी उपोषण केले आणि अहमदाबादला गेले. होरपळलेल्या वस्त्या पाहिल्या, दोन्ही समाजांशी बोलले. पाहुणा म्हणून गोड बोलण्याची मुभा असतानाही, तुम्ही गांधींना विसरलात, हे त्यांनी या देशाला तोंडावर सुनावले. अहिंसेची जबाबदारी बहुसंख्याकांवर आणि सत्तेवर आधी येते, हे त्यांनी सांगितले. पण तेवढ्यासाठी आपल्या लोकांना त्यातून सूट दिली नाही.

दुसरा आक्षेप, त्यांना मिळाले काय? सत्तेच्या हिशेबाने फारसे काही नाही. त्यांची संघटना चिरडली गेली, फाळणी झाली. २० जानेवारी २०१६ रोजी, त्यांच्या स्मृतिदिनीच, चारसद्द्याच्या बाचा खान विद्यापीठात दहशतवादी घुसले आणि वीसहून अधिक जणांना मारून गेले. स्मृतिदिनानिमित्त तिथे मुशायरा व्हायचा होता. पण मारेकऱ्यांना ज्याचे नाव अजून खुपते, तो विचार मेलेला नसतो. संयुक्त राष्ट्रांत २०१३ मध्ये बोलताना स्वातच्या मलालाने अहिंसा कुणाकडून शिकले ते सांगताना गांधीजींबरोबर बाचा खानांचे नाव घेतले. २०१८ पासून पख्तून तरुणांनी बेपत्ता माणसांसाठी, भूसुरुंग काढण्यासाठी जी पश्तून तहफ्फुज चळवळ उभारली, तिने शस्त्र हाती धरले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाकिस्तान सरकारने तिच्यावर बंदी घातली. नव्वद वर्षांनंतरही सरकारांना त्याच गोष्टीची भीती वाटते आहे.

मग आपण काय करायचे? खुदाई खिदमतगाराची शपथ आजच्या मोहल्ल्यात आणून पाहू. रोजचे दोन तास जड वाटत असतील तर आठवड्याचे दोन तास. दहावीतून गळू पाहणाऱ्या मुलीच्या घरी जाऊन बापाशी बोलणे. शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्ड, मतदारयादीतली नावे यांसाठी मशिदीच्या नाहीतर शाळेच्या आवारात एक टेबल लावणे, आणि त्या टेबलावर शेजारच्या दलित आणि मराठा वस्तीतल्या बाईचाही अर्ज भरून देणे. तलाक झालेल्या बहिणीला पोटगीसाठी न्यायालयात सोबत करणे, समोरचा आपल्या बिरादरीतला असला तरी. द्वेषाचे भाषण झाले तर त्याची नोंद ठेवून तक्रार देणे, व्हॉट्सॲपवर शिव्यांना शिव्या न देणे. दंग्याची अफवा उठली तर तरुणांना घरात कोंडण्यापेक्षा मोहल्ल्याच्या तोंडाशी सगळ्या धर्मांच्या चार जाणत्यांसह उभे करणे. यातले एकही काम मोठे नाही, आणि यातल्या एकाही कामासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

पुढाऱ्याची वाट पाहण्याची आपल्याला सवय लागली आहे. बादशहा खानही कुणाची वाट पाहत बसले असते, तर १९१० साली उत्मानझईला शाळा निघाली नसती. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. आपल्या मोहल्ल्यात वीस वर्षांची मुले-मुली आज आहेतच. त्यांना सब्रचा खरा अर्थ सांगायला आपण सुरुवात करू, आणि पहिल्या टेबलाशी त्यांच्याबरोबर स्वतःही बसू.